ऑरेंज अलर्ट आला, मग दावणीला काय करायचं?

(ऑनलाइन धाग्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

दूधगंगाकाठ

'बेळगाव जिल्हा, ऑरेंज अलर्ट' असा हवामान खात्याचा मेसेज आला की गावच्या ग्रुपवर वीस जण तो पुढं ढकलतात आणि म्हशी आहेत तिथं रवंथ करत बसतात. माझं म्हणणं असं की म्हशींचंच बरोबर आहे. जिल्ह्याचा रंग बघून गोठ्याचा निर्णय घेऊ नये.

जिल्हा केवढा, तर तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. कणकुंबी-जांबोटीकडं आभाळ फाटलेलं असतं तेव्हा अथणीत धूळ उडत असते, आणि रंग दोघांना एकच. शिवाय आपण हवामान खात्याच्या 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' विभागात आणि कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्रात'. निपाणी, चिकोडी, कागवाडच्या काठाला बुडवणारं पाणी येतं कुठून? काळम्मावाडी, पाटगाव, राधानगरी, कोयना या पलीकडच्या महाराष्ट्रातल्या धरणांतून. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा रंग हिरवा असला तरी आपला गोठा पाण्यात जाऊ शकतो.

रंगाऐवजी तीन गोष्टी बघा. पहिली, कोल्हापूरला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळतं आणि राजापूर बंधाऱ्यावरून आपल्याकडं येतं. दुसरी, वरच्या धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी). राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे, एकेकाचे १४२८ क्युसेक. किती उघडले ते मोजा. तिसरी, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप. बाकी रंगपंचमी सोडून द्या.

ढवळी_पवळी

दादा, निम्मं बरोबर आणि निम्मं धोक्याचं. रंग पळण्यासाठी नसतोच, तयारीसाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हला. केशरी बघून कुणी म्हशी हलवा म्हटलंय का? तयारी मात्र त्याच दिवशी होते, नंतर होत नाही.

तयारी म्हणजे काय ते हिशेबानं बघा. मोठी दहा जनावरं, चार दिवस, एकाला रोज किमान सहा किलो सुकी वैरण धरली तर २४० किलो कडबा किंवा कुट्टी उंचावर कोरडी हवी. तीही ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळून नाही. खालून हवा लागली नाही तर घाम धरते, तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि ती खाऊन जनावर बसतं. खाली लाकडं किंवा दगड घालून वीतभर उचला, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. प्यायचं पाणी एकाला पन्नास लिटर धरा. पुरात पाणी चिक्कार असतं, पाजायचं मात्र नसतं.

आणि कडबा नसला म्हणून नुसती पेंड-भरडा वाढवून दिवस काढू नका. पोटात आम्ल होऊन पाण्यातून वाचलेली म्हैस चाऱ्यावर मरते.

दूधगंगाकाठ

वैनी, वैरण उंचावर ठेवायला केशरी रंग कशाला लागतो? ते काम मृगाच्या आधीचं. रंगाची वाट बघत बसणारा माणूसच उशीर करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इतक्या वेळा केशरी येतो की पाचव्या खेपेला कुणी मान वर करत नाही. फुकटची धावपळ झाली की दूध तुटतं, टेंपोचं भाडं जातं, आणि पुढच्या खऱ्या वेळी तोच माणूस म्हणतो, मागच्या वेळी काय झालं?

जुना_पशुवैद्य

दोघेही वेळेबद्दल बोलताय, पण कुठल्या संकटाला हातात किती वेळ मिळतो हे कुणी मांडलं नाही. भांडण तिथंच सुटतं.

कोयनेचं पाणी आपल्या काठाला यायला साधारण दीड-दोन दिवस. काळम्मावाडीचं त्याहून लवकर. विजेला मात्र अर्धा तास, तोही नशीब चांगलं असेल तर. दामिनीवर २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात. ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरनं सरकत असेल तर २० च्या वर्तुळात वीज पडल्यावर तुमच्याकडं अर्धा-पाऊण तास. रानातून जनावर आणायला वीस मिनिटं लागत असतील तर ४० च्या वर्तुळावर निघा, २० ची वाट बघू नका. ॲप चालत नसेल तर चमक आणि आवाज यातले सेकंद मोजा, तीनानं भागा, तेवढे किलोमीटर. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जनावर बाहेर काढायचं नाही. वळवात लोक हमखास चुकतात ते इथं. पाऊस थांबला म्हणून सोडतात आणि मागं राहिलेली एक वीज घेऊन जाते.

झाडाखाली बांधलेली चार जनावरं एकदम का जातात, हेही समजून घ्या. वीज त्यांच्यावर पडतेच असं नाही. झाडावर पडते, जमिनीत पसरते, आणि पुढच्या व मागच्या पायांत जे चार-पाच फुटांचं अंतर असतं त्यात विजेच्या दाबाचा फरक पडतो. प्रवाह एका टोकाकडून शिरतो, काळजातून जातो, दुसरीकडून निघतो. माणूस पाय जुळवून उकिडवा बसला तर हे अंतर मिटवतो. गाय कशी बसेल? तारेच्या कुंपणालगतची जनावरं तर लांब पडलेल्या विजेनंही जातात.

पत्रा_पन्हाळी

डॉक्टर, मग उत्तर 'गोठ्यात आणा' एवढंच का? गोठाच मारतो त्याचं काय? वादळाच्या अलर्टला जनावर आत कोंडा म्हणणाऱ्यांनी आधी पत्रा बघावा.

वारा पत्र्याला वरून दाबत नाही, पाखेच्या कडेखाली शिरून उचलतो. म्हणून मधे चार हुक कमी चालतील, कडेच्या आणि आढ्याच्या ओळीला एक पन्हाळ सोडून दुसरीला हुक-बोल्ट हवाच, आणि तो पन्हाळीच्या माथ्यावर. खाचेत मारला की गळतं, गंजतं आणि दोन पावसाळ्यांत भोक मोठं होऊन पत्रा सुटतो. पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत तर बंदच करा. पत्रा उचलला की पहिला दगड दावणीत पडतो.

दुसरं, आता सगळीकडं लोखंडी पाइपची दावण आणि साखळी झालीय. दिसायला झकास. शेडवर वीज आली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी ओळ एका तारेला बांधल्यासारखी. पाइपला दोन्ही टोकांना अर्थिंग (जमिनीत गाडलेली तार) हवं, आणि साखळीऐवजी दोराचं दावं. मातीच्या भिंती अन् नळ्यांच्या (मातीच्या कौलांच्या) जुन्या गोठ्यात हा प्रकार नव्हता, भिंत भिजून पडायची ती गोष्ट वेगळी.

जुना_पशुवैद्य

मान्य. नीट बांधलेला गोठा असेल तर आत, पत्रा सैल असेल तर मोकळ्या सखल रानात, झाड, कुंपण आणि ओढा तिन्ही टाळून. पण पुराला हा वाद नाही. पुरात बांधलेलं जनावर मरतं, सुटलेलं बहुतेक वेळा पोहतं. म्हैस तर सहज. रात्री पाणी येईल असा अंदाज असला आणि हलवणं शक्य नसलं तर दावं सुरगाठीचं करून ठेवा, एका ओढीत सुटेल असं. वेसणीला कासरा लोंबता ठेवू नका, अडकतो. दावं कापायचा विळा गोठ्याच्या आत नको, दाराबाहेर उंच खुंटीला.

कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला आहे ना बघा, आणि नंबर दिसेल असा फोटो फोनमध्ये ठेवा. जनावर दगावलं तर पंचनामा आणि शवविच्छेदन आधी, पुरणं नंतर. २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, आणि मोठी दुभती जनावरं घरटी तीनच, असं धरलं होतं. चांगली म्हैस लाखाच्या पुढं मिळते.

खांडवाला

तुमचं सगळं गोठ्यावर चाललंय. वाघर (जाळीचं कुंपण) मारून रानात बसलेल्या बकऱ्यांचं, म्हंजे मेंढरांचं काय? त्यांना कुठला रंग?

बकऱ्याला पाऊस मारत न्हाई, गारठा मारतो. लोकर कातरलेली, रातभर भिजलेली, वर वारा. एवढं जमलं की पाऊस ३० मिलिमीटरचा असला तरी कोकरं सकाळी ताठ. आणि खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस चालू होतो ६४.५ मिलिमीटरला. म्हंजे खांड (मेंढरांचा कळप) मरायला पुरेसा पाऊस तुमच्या रंगात बसतच न्हाई. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरवातीला पुणे-नगरकडं अवकाळीत मेंढ्या मेल्या त्या अशाच, गारठ्यानं. आम्हाला पावसाचा आकडा नको. रात्रीचं तापमान, वारा आणि भिज, तिन्ही एकदम सांगणारा मेसेज पाहिजे. तोवर अवकाळीचा नुसता पिवळा दिसला तरी आठ दिवस कातरणी पुढं ढकलायची, आणि वाघर वाऱ्याच्या आडोशाला, पण एकाट झाडाखाली न्हाई. भिजलेलं कोकरू आधी पोत्यानं कोरडं करायचं, मग दूध. गार पडलेल्याच्या तोंडात दूध घातलं की ते फुप्फुसात जातं.

ढवळी_पवळी

खांडवाले अण्णा, बघा, तुम्हीच पिवळ्यावर निर्णय घेतलात. माझंही तेवढंच म्हणणं.

दूधगंगाकाठ

अण्णांचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, ओढून नेऊ नका. रंग माणसासाठी बनवलाय, जनावराच्या अंगाला मोजून नाही. उन्हाळ्याचंच घ्या. सपाट भागात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल ४० अंशांपासून सुरू होतो. संकरित एचएफ (होल्स्टीन) गाईला त्रास सुरू होतो तो तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ ओलांडला की. सूत्र सोपं आहे: तापमान गुणिले ०.८, त्यात आर्द्रतेचा शंभरावा भाग गुणिले (तापमान वजा १४.४), अधिक ४६.४. कोरडे ३८ अंश आणि २५ टक्के दमट म्हणजे ८३. ढगाळ ३४ अंश आणि ६० टक्के म्हणजे ८५. मे महिन्याच्या शेवटी 'आज जरा बरं आहे' म्हणतो त्याच दिवशी गाय जास्त धापते आणि दूध उतरतं. अलर्ट? काही नाही.

त्या दिवशी फॉगर लावून गोठा बंद करणारे तर उलटं करतात. दमटपणा आणखी वाढतो. अंग कातडीपर्यंत भिजवा, मग पंख्यानं वाळवा, परत भिजवा. वैरणीचा मोठा वाटा रात्री टाका.

ढवळी_पवळी

उन्हाचं मान्य. पुराचं नाही. तुम्ही म्हणता राजाराम बंधारा ३९ फुटांवर गेला की बघू. तोवर वाट कुठली राहते? गोठ्यात पाणी शेवटी येतं, पूल आधी जातो. मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, तिकडं कृष्णेवर कल्लोळ-येडूर, हे सगळे कमी उंचीचे. गावात पाण्याचा थेंब नसतो तेव्हा हे बुडालेले असतात. छोट्या टेंपोत मोठी जनावरं चार बसतात. बारा जनावरं म्हणजे तीन खेपा, चढवणं-उतरवणं धरून एकेक खेप दीड तासाची. वेळ मोजायचा तो पूल बंद होण्यापासून मागं. म्हणून घाटमाथ्यावर लाल आणि आपल्याकडं केशरी असं दिसलं की गाभण, आजारी आणि वासरं त्याच संध्याकाळी हलवावीत. चालणारी दुसऱ्या दिवशी पायी नेता येतात, विणीला आलेली म्हैस येत नाही.

सीमेवरचा_टॉवर

मधेच एक. काठावरच्या गावात फोन बऱ्याचदा पलीकडच्या टॉवरला लागतो आणि कोल्हापूर जिल्ह्याचा इशारा वाजतो. लोक चुकीचा म्हणून पुसून टाकतात. पुसू नका. नदीच्या बाबतीत वरच्या जिल्ह्याचा इशारा तोच आपला. आपल्या जिल्ह्याचा येतो तो कन्नड किंवा इंग्रजीत, आणि घरात धारा काढणाऱ्या आजीला दोन्ही वाचता येत नाहीत. मेघदूत ॲपवर मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला मराठीतही मिळतो, पण आजीकडं साधा फोन. त्यापेक्षा दूध संस्थेचा फळा बरा. सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस तिथं येतोच. फॅट-एसएनएफच्या (दुधाच्या प्रतीच्या) आकड्यांखाली दोन ओळी खडूनं लिहायला काय जातं?

जुना_पशुवैद्य

फळ्यावर मे महिन्यात तिसरी ओळही लिहा: घटसर्प-फऱ्याची लस. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, अलर्ट आल्यावर टोचून त्या पुराला उपयोग नाही. आणि हलवलेली जनावरं छावणीत गावागावाची वेगळी बांधा. एका पाणवठ्यावर आली की लाळ-खुरकूत सगळ्यांना.

दूधगंगाकाठ

फळा चालेल. पण पहिली ओळ पुलाची लिहा: 'कल्लोळ-येडूर, चालू की बंद'. दुसरी राजाराम बंधारा किती फूट. रंग सगळ्यात खाली, जागा उरली तर.

ढवळी_पवळी

रंग वर. पूल बंद झाला हे लिहिणारा त्या वेळी पलीकडच्या काठावर अडकलेला असतो, दादा.