गॅलापागोस आणि किटोचे डोंगर : आईला घेऊन जायचंय, जहाज घ्यावं की बेटांवर राहावं?

सह्यवेडी_ठाणे

नमस्कार मंडळी. मी आणि आई गेली अकरा वर्षं पक्षी बघत हिंडतोय. भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, दोनदा भरतपूर. आता थोडी पुंजी जमली आहे आणि दोघींचं पक्कं ठरलंय, इक्वेडोर. गॅलापागोसची बेटं आणि किटोच्या आसपासचे अँडीजचे डोंगर मिळून सोळा-सतरा दिवस, येत्या ऑगस्टात.

आईचं वय ६८. सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते, खडकाळ उतारावर मात्र हात धरावा लागतो. शुद्ध शाकाहारी. जहाजावर आठ दिवस राहावं की बेटांवर मुक्काम करून रोज जाऊन यावं? आधी डोंगर की आधी बेटं? आणि तिला अल्बट्रॉस (लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी) बघायचाच आहे. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणते.

पाणकावळा_पुणे

ताई, मी २०२३ च्या ऑगस्टात सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या तेव्हा ७१ च्या. म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

आधी अल्बट्रॉस. ऑगस्ट उत्तम. हे पक्षी साधारण एप्रिल ते डिसेंबर एस्पान्योला बेटावर असतात. जानेवारी ते मार्च गेलात तर रिकामे खडक बघून यावं लागेल. अडचण वाटेची आहे. एस्पान्योलावरच्या पुंता सुआरेसची पायवाट म्हणजे गोल गुळगुळीत धोंडे, एकेक घमेल्याएवढा. सासूबाई दोन काठ्या घेऊन चालल्या. आमच्या गाइडला मी आदल्या संध्याकाळीच गुडघ्यांचं सांगून ठेवलं होतं, तो सगळ्यांच्या मागे त्यांच्याबरोबर राहिला. आदल्या दिवशी सांगाच, होडीतून उतरल्यावर सांगून उपयोग नाही.

कड्यावर पोहोचलो तेव्हा एक जोडी समोरासमोर उभी होती, आमच्यापासून चार पावलांवर. पिवळ्या लांब चोची एकमेकींवर तलवारीसारख्या फिरवायच्या, मग थांबून चोच आभाळाकडे करायची, मग एकदम उघडून कट्कन मिटायची. पलीकडे झुडपाखाली तपकिरी लोकरीचा गोळा बसलेला, ते पिल्लू. अंगानं चांगलं मोठं, पण डोळे अगदी बाळाचे. आणि नंतर एक मोठा पक्षी डुलत डुलत कड्याच्या टोकापर्यंत चालत गेला, सव्वादोन मीटरचे पंख उघडले आणि नुसता पुढे झुकला. पंख एकदाही न हलवता वाऱ्यावर गेला. सासूबाईंनी दुर्बीण खाली ठेवली होती. तिथे दुर्बीण लागतच नाही. उलट प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे आणि तो पाळायला तुम्हालाच मागे सरकावं लागतं.

आता जहाज की मुक्काम. तुमच्या आईंसाठी मी मुक्काम सांगेन, आणि दोनच बेटांवर. सान क्रिस्तोबाल चार रात्री, सांता क्रुस चार रात्री. एस्पान्योलाला सान क्रिस्तोबालहून एका दिवसात जाऊन येता येतं. फर्नांदिना आणि इसाबेलाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा न उडणारा पाणकावळा (माझ्या नावातला!) मात्र जहाज घेतल्याशिवाय नीट दिसत नाही. मला तो सोडावा लागला, मनाला लागलं. पण ऑगस्टात समुद्र खवळलेला असतो. एका बेटावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटी दोन तास आपटत जातात आणि सासूबाईंना पहिल्याच फेरीत इतक्या उलट्या झाल्या की पुढचा अख्खा दिवस खोलीत गेला. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, मळमळायला लागल्यावर नाही.

मुक्कामाचं खरं सुख असं की आईंना कुठे जावं लागत नाही. सान क्रिस्तोबालच्या बंदरावर बाकांवर सी लायन झोपलेले असतात. सांता क्रुसच्या मासळीबाजारात बाई मासे कापते, तिच्या पायाशी सी लायन आणि खांद्यामागे पेलिकन उभे, तुकड्याची वाट बघत. समुद्री इग्वाना (मोठे सरडेच) काळ्या लाव्ह्यावर पडलेले असतात आणि मधेच फस्सकन शिंकतात. समुद्रातलं शेवाळ खाताना पोटात गेलेलं मीठ ते नाकातून असं बाहेर टाकतात, म्हणून डोक्यावर पांढरे पापुद्रे.

सांता क्रुसच्या वरच्या हिरव्या भागात मोठी कासवं शेतांतून मोकळी फिरतात, वाट जवळपास सपाट. जवळ गेलं की मान आत घेताना फुप्फुसातली हवा सुटते, मोठा सुस्कारा ऐकू येतो. ती पेरू खात होती. हा पेरू माणसांनी आणलेला आणि आता तिथल्या रानात माजलेला. म्हणूनच बेटांवर जाताना विमानतळावर सामान तपासतात. फळं, बियाणं, रोपं काही चालत नाही. सासूबाईंची कच्च्या बडीशेपेची पुडी काढून ठेवली, त्या हिरमुसल्या. पण एक परदेशी माशी चुकून तिथे पोचली आणि आज तिच्या अळ्या फिंच या तिथल्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यातली पिल्लं मारताहेत, हे गाइडनं सांगितल्यावर त्या गप्प झाल्या आणि सगळ्या पिशव्या स्वतःच उलट्या करून झटकल्या.

खर्चाचं एक : गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी आम्ही १०० डॉलर भरली, ऑगस्ट २०२४ पासून ती २०० झाली आहे. रोख न्या, नोटा डॉलरच, तिथलं चलन तेच आहे.

डोंगरगडी

वरच्या ताईंशी सहमत. डोंगरांचं मी लिहितो.

आधी बेटं. किटो २८५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बाराशे मीटर उंच. मी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी थेट चार हजार मीटरवर अंतिसाना ज्वालामुखीकडे गेलो आणि डोकं धरून गाडीत पडून राहिलो, काँडोर (अँडीजचं प्रचंड गिधाड) बाकीच्यांनी बघितला. तुम्ही पहिली रात्र विमानतळाजवळ काढा (तो किटो शहरापेक्षा खाली आहे), सकाळी बेटांवर जा. परत आल्यावर आधी मिंदो, साधारण १२५० मीटर, ढगांचं जंगल. मग यानाकोचा, शेवटी अंतिसाना.

यानाकोचा आईंसाठी खास आहे. पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर साडेतीन हजार मीटरच्या आसपास जुन्या पाण्याच्या पाटाच्या कडेनं सपाट वाट जाते. तिथे तलवारचोच्या हमिंगबर्ड येतो, चोच शरीरापेक्षा लांब. फांदीवर बसला की मान वर करूनच बसतो, नाहीतर तोल जाईल. आपल्याकडे शिंजीरालाच हमिंगबर्ड म्हणतात, पण खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहे. तो हवेत एका जागी उभा राहतो तेव्हाचा पंखांचा आवाज कानाजवळून एकदा ऐका.

जेवण : लोक्रो दे पापा मागा, बटाट्याचं दाट सूप, चीज आणि अ‍ॅव्होकॅडो घालून. मेनेस्त्रा म्हणजे आपली उसळच, भाताबरोबर. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, ‘सिन कार्ने, सिन पोयो’ दोन्ही म्हणा.

कागदपत्र_तपासा

एकच पण महत्त्वाचं. इक्वेडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी हवी. नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मला तिकीट काढून देणाऱ्यानं ‘लागत नाही’ सांगितलं होतं, ऐनवेळी धावपळ झाली. साठीपुढे ही लस देताना धोका तोलावा लागतो, म्हणून आईंच्या डॉक्टरांशी आधी बोला. त्यावर सगळं ठरेल. आणि अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पडला नाहीत तरी.

सह्यवेडी_ठाणे

तिघांचे मनापासून आभार. आईला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. अल्बट्रॉसचा परिच्छेद तिनं दोनदा वाचायला लावला. लशीसाठी गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय, तोवर तिकीट काढत नाही. आणि उद्यापासून दोन काठ्या घेऊन येऊरला चालायला सुरुवात, धोंड्यांची सवय व्हायला हवी म्हणते. पाणकावळाताई, काठ्या विमानात सामानात टाकल्या होत्या की हातात?

पाणकावळा_पुणे

घडीच्या होत्या, मोठ्या बॅगेत टाकल्या. टोकांना रबरी टोप्या लावा. आणि टोकं घासून धुऊन न्या, त्यांना चिकटलेल्या मातीतूनही बी जातं.