निसिरोसला मुक्काम करावा की कॉसहून एका दिवसात पाहून परतावे?

शिरोलीचा साचेकार

नमस्कार मंडळी. येत्या वर्षात पत्नी, आई आणि मी असे तिघेजण ग्रीसला जाण्याच्या विचारात आहोत. सांतोरिनी आणि मिकोनोस ही दोन नावे घरच्या पहिल्याच बैठकीत बाद झाली, कारण सूर्यास्ताच्या फोटोसाठी गर्दीत ताटकळण्याची हौस आमच्यापैकी एकालाही नाही. त्याऐवजी कॉस या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला असलेले निसिरोस हे छोटे बेट मनात भरले आहे. ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला आणि अजून न विझलेला ज्वालामुखीच आहे असे वाचल्यापासून, रोज भट्टीशी गाठ असलेल्या माझ्यासारख्या फौंड्रीवाल्याला ते पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

अडचण अशी की, ज्या सहल कंपनीकडे आम्ही चौकशी केली तिच्या मते निसिरोस ही अर्ध्या दिवसाची जागा आहे. सकाळी कॉसहून बोटीने जावे, विवर पाहावे, जेवावे आणि दुपारनंतर परत यावे, असा त्यांचा आराखडा आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे, ती पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. पत्नी महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे मे महिना आम्हाला सोयीचा आहे. मात्र तिथे ऑगस्टच्या मध्यावर देवीमातेचा मोठा उत्सव असतो आणि त्याआधी बायका नऊ दिवसांचे व्रत करतात असे कुणीतरी सांगितल्यापासून, दर नवरात्रात अंबाबाईचे उपवास धरणाऱ्या आईचा ओढा ऑगस्टकडे आहे. मुक्काम करावा का, आणि करायचा तर केव्हा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सागरमाळ

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. निसिरोसला किमान तीन रात्री राहावे, आणि तेवढे जमणार नसेल तर ते नाव यादीतून काढून टाकावे. कॉसहून निघणाऱ्या सहलीच्या बोटी साधारण एकाच सुमारास मांद्राकी या निसिरोसच्या मुख्य गावाच्या धक्क्याला लागतात, तिथून बसगाड्यांची रांग विवराकडे निघते आणि दुपार कलली की सगळी मंडळी पुन्हा बोटीत बसतात. म्हणजे एका दिवसात जाऊन येणारा माणूस हे शांत बेट नेमके त्याच्या गजबजलेल्या तासांतच पाहतो आणि "तिथेही गर्दीच होती" असे सांगत परत येतो. बोटी गेल्यावर हजारभर वस्तीचे ते बेट पुन्हा तिथल्या लोकांचे होते. मांद्राकीत इलिकिओमेनी नावाचा एक चौक आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत टेबले मांडलेली असतात आणि संध्याकाळी तिथे गावातली माणसेच बसलेली दिसतात. बदामाचे सुमादा नावाचे सरबत ही या बेटाची ओळख आहे आणि ते आईंनाही चालेल.

आता ज्वालामुखीबद्दल, कारण आपला खरा जीव तिथे अडकलेला दिसतो. आफ्रिकेचे भूपट्ट एजियन समुद्राखाली सरकत असल्यामुळे मेथाना, मिलोस, सांतोरिनी आणि निसिरोस अशी ज्वालामुखींची एक कमान तयार झाली आहे, आणि निसिरोस हे तिचे पूर्वेकडचे टोक आहे. बेटाच्या मधोमध सुमारे चार किलोमीटर रुंदीची खोलगट दरी आहे आणि तिच्या तळाशी स्तेफानोस हे जवळजवळ ३०० मीटर व्यासाचे विवर आहे. ते लाव्हा उसळून तयार झालेले नाही. जमिनीत मुरलेले पाणी खालच्या उष्णतेने तापून, त्याची वाफ कोंडून फुटल्यामुळे ते तयार झाले. ओल्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला तर वाफ कोंडून तो कसा उडतो हे आपल्याला सांगायला नको. इथे तेच पृथ्वीच्या पातळीवर झाले आहे. अशा वाफेच्या स्फोटांची शेवटची मालिका १८८७-८८ साली झाली.

विवरात पायवाटेने उतरता येते. तळाशी बोटभर रुंदीची छिद्रे आहेत, त्यांच्या कडेला गंधकाचे पिवळेधमक, सुईसारखे बारीक स्फटिक जमलेले असतात आणि आतून सतत फुसफुस ऐकू येते. छिद्रांतून निघणारी वाफ जवळपास उकळत्या पाण्याइतकी तापलेली असते, तेव्हा स्फटिक तोडण्याचा मोह टाळावा आणि आखलेली जागा सोडून जाऊ नये, कारण काही ठिकाणी वरचा थर पातळ व भुसभुशीत आहे. पायात जाड तळव्याचे बंद बूट असावेत. आपल्या चपला, कितीही करकरत्या असल्या तरी, खोलीतच ठेवाव्यात. मुक्कामाला असलात तर पहिली बोट येण्याआधी किंवा उन्हे उतरल्यावर जाता येते, आणि तेव्हा ते फुसफुसणे कुणाच्या गडबडीविना ऐकायला मिळते. आईंनी खाली उतरण्याची गरज नाही, कारण विवराच्या काठापर्यंत गाडी जाते आणि काठावरून सगळे नीट दिसते.

आपल्या व्यवसायाशी जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. १९८० च्या दशकात इथे भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करण्यासाठी खोल विहिरी खोदल्या गेल्या होत्या, परंतु रहिवाशांच्या विरोधामुळे तो बेत पुढे सरकला नाही. निकिया हे गाव दरीच्या अगदी कडेवर वसलेले आहे आणि तिथे ज्वालामुखीची माहिती देणारे छोटे संग्रहालय आहे. पलीकडच्या एम्बोरिओ गावाच्या वेशीवर एक लहानशी कपार आहे, जिच्यातून गरम वाफ येते. तिथे दोन मिनिटे बसणे आईंच्या गुडघ्यांना कदाचित विवरापेक्षा जास्त आवडेल. मांद्राकीच्या वरच्या अंगाला पालिओकास्त्रो हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला कोट आहे. काळ्या ज्वालामुखी दगडाचे घडीव चिरे चुन्याविना बसवलेले आहेत आणि वेशीचा दरवाजा अजून जागेवर आहे. मला स्वतःला हा कोट विवराइतकाच आवडला. सहलीच्या बोटींतले फारसे कुणी तिकडे फिरकत नाही.

हुपरीची नात

सागरमाळ यांनी एक गोष्ट लिहायची ठेवली, ती आमच्या गावच्या धंद्यातली असल्यामुळे मी सांगते. विवरातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच, आणि चांदी त्याच्या सान्निध्यात आली की तिच्यावर काळा थर चढतो. वहिनींची जोडवी, आईंचे चांदीचे दागिने जे काही असेल ते त्या दिवशी खोलीवर ठेवावे. सोन्याला धक्का लागत नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनीही काठावरच थांबलेले बरे.

दुसरे म्हणजे सोबत नेण्याच्या शिदोरीबद्दल. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी आणि खवा असलेले कोणतेही पक्वान्न घरीच ठेवावे. कढीपत्ता किंवा हिरव्या मिरच्याही नेऊ नयेत, कारण ताज्या भाजीपाल्याला रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला मात्र खुशाल न्यावा, फक्त तो नीट हवाबंद करावा. नाहीतर सगळ्या कपड्यांना कोल्हापूरचा वास लागेल.

ताराबाई पार्क

मी थोडे विरोधी मत मांडतो. बेटावर केवळ लहानसे आरोग्य केंद्र आहे आणि रुग्णालय कॉसला आहे. सत्तरीपुढच्या व्यक्तीला रात्री अचानक काही झाले आणि त्याच वेळी समुद्र खवळलेला असला तर हतबल व्हायला होते. मांद्राकीच्या गल्ल्या अरुंद आणि चढ-उताराच्या आहेत, पानायिया स्पिलियानी या डोंगरातील मठाला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि तिथला खोखलाकीचा किनारा मोठ्या काळ्या गोट्यांचा असल्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यावर उभेही राहता येत नाही. म्हणून कॉसला मुक्काम ठेवून निसिरोसला एकच रात्र द्यावी, असे मी सुचवतो.

शांतताच हवी असेल तर त्याच पट्ट्यातले तिलोस हे बेटही विचारात घ्यावे. तिथे शिकारीवर बंदी आहे, पक्षी भरपूर आहेत, आणि खारकादियो गुहेत बुटक्या हत्तींचे अवशेष सापडले आहेत. फौंड्रीवाल्यांना भट्टी हवी असल्याने त्यांचे समाधान तिथे होणार नाही, हे मी जाणतो.

शिरोलीचा साचेकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताराबाई पार्क यांनी मांडलेली काळजी पत्नीलाही पटली आहे, त्यामुळे आईची प्रकृती तपासून घेऊनच तिकिटे काढू. तीन शंका उरल्या आहेत. शाकाहाराचे तिथे कसे जमते? बेटावर फिरण्यासाठी गाडी भाड्याने घ्यायची तर आपला परवाना चालतो का? आणि मे की ऑगस्ट, याबद्दल अजून कुणी ठाम सांगितलेले नाही.

सागरमाळ

रुग्णालयाचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी हलका लेखत नाही. तरीही माझे तीन रात्रींचे मत कायम आहे. फक्त खोली धक्क्याजवळच्या सपाटीवर घ्यावी आणि चढावरच्या जुन्या घराचा मोह टाळावा.

शाकाहाराचे म्हणाल तर ग्रीक जेवणात कडधान्ये आणि भाज्या मुबलक आहेत आणि बहुतेक सगळे ऑलिव्ह तेलात शिजते. निसिरोसवर पित्या नावाची हरभऱ्याची वडी तळून देतात, ती पहिल्या दिवशी मागवावी, म्हणजे आईंचा जीव भांड्यात पडेल. याशिवाय पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे घेवडे आणि भात भरून भाजलेले टोमॅटो व ढोबळी मिरची हे बऱ्याच ठिकाणी मिळते. मात्र दोन बाबतींत सावध राहावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या पदार्थांत मांस, अंडी, दूध नसते, पण ऑक्टोपस आणि शिंपले चालतात. त्यामुळे "उपवासाचे आहे" एवढे ऐकून ताट पुढे ओढू नये. भरलेल्या भाज्यांत कधी खिमाही असतो, तेव्हा प्रत्येक वेळी विचारावे. आई चीजच्या बाबतीत काटेकोर असतील तर ते करताना दूध साकळवण्यासाठी रेनेट हा प्राण्यांच्या जठरातला पदार्थ वापरला आहे का हेही विचारावे लागेल.

गाडीसाठी आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयातून काढावा; त्याचे शुल्क १००० रुपये असून तो एक वर्षच चालतो, म्हणून फार आधी काढण्यात अर्थ नाही. आईंच्या सोयीसाठी स्कूटर न घेता छोटी मोटार घ्यावी, कारण निकियाचा रस्ता वळणावळणाचा आहे. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, हेही ध्यानात असू द्यावे.

महिन्याबद्दल माझे मत मेच्या उत्तरार्धाच्या बाजूने आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आणि तो जोर धरतो तेव्हा बंदरखात्याकडून बोटींना मनाई होते. छोट्या बोटी आधी थांबतात, आणि निसिरोसला विमानतळ नसल्यामुळे त्या दिवशी दुसरा काही उपाय उरत नाही. ऊनही कडक असते. मे महिन्यात डोंगर अजून हिरवा असतो आणि खोल्या स्वस्त मिळतात. पाणी मात्र थंड असते, पण आपण काही पोहण्यासाठी निघालेला नाही. ज्या उत्सवाबद्दल आईंनी ऐकले आहे तो खरा आहे. १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाआधी काही स्त्रिया स्पिलियानीच्या मठात राहून, काळी वस्त्रे नेसून नऊ दिवसांचे व्रत पाळतात. ते पाहण्याची आईंची इच्छा मी समजू शकतो, परंतु त्या आठवड्यात परदेशी गेलेली निसिरोसची मंडळी गावी परततात आणि खोली मिळणे दुरापास्त होते. एरवीही मठ उघडा असतो. आईंना पायऱ्या हळूहळू चढवून नेता येतील, घाई असेल तर नाही.

व्हिसासाठी फार लिहीत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो; मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच वेळ घ्यावी, कारण सुट्टीच्या हंगामात तारखा मिळत नाहीत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आईंचा विमा काढताना त्यांना आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत का हे कागदावर तपासावे. ताराबाई पार्क यांच्या शंकेचे अर्धे उत्तर त्यात आहे. खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त हवामान कर म्हणून दर खोलीमागे दर रात्री काही युरो वेगळे घेतले जातात, तेव्हा तिथे हुज्जत घालू नये.

प्रवासाची जुळणी अशी करावी. मुंबईहून अथेन्स, तिथून तासाभराच्या विमानाने कॉस. कॉसच्या विमानतळापासून कार्दामेना हे बंदर कॉस शहरापेक्षा बरेच जवळ आहे आणि तिथून निसिरोसची बोट साधारण तासाभरात पोहोचते. परतीची शेवटची रात्र निसिरोसला न ठेवता कॉसला ठेवावी, आणि शक्य असल्यास अथेन्सलाही एक रात्र हाताशी राखावी, म्हणजे एखादी बोट रद्द झाली तरी मुंबईचे विमान चुकणार नाही. बोटींचे वेळापत्रक आठवड्याच्या वारानुसार बदलते, त्यामुळे कॉसचे विमान नक्की करण्याआधी त्या वारी दुपारची बोट आहे का हे पाहावे.