आभा कार्ड: सोय पेशंटची की वरच्या आकड्यांची?

केसपेपर
२७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, त्याला जोडलेले रिपोर्ट. डॉक्टर बदलला तरी फाइल आपल्यासोबत. ऐकायला झकास. पण सरकारी रुग्णालयात बहुतेकांना आभा भेटतो तो क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्यापुरता. त्यातून खिडकीवर जातं काय, तर नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाइल. आत डॉक्टर लिहितात ते पुन्हा केसपेपरवर, आणि तो केसपेपर पुन्हा आपल्याच कॅरीबॅगमध्ये.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी निदान, औषधं, लॅबचे निकाल तिथल्या तिथे नोंदले जाऊ देत, मग कार्डांचे कॅम्प लावा. सध्या उलटी गंगा वाहतेय. पटत नसेल तर बोला.

रानवारा
नाही पटत. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या आसपास सांगली-कोल्हापूरकडे निघते. त्यात पाचव्या महिन्यातली एखादी बाई असते आणि तिचं माता-बाल कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीत राहतं. फडाजवळच्या उपकेंद्रातली सिस्टर विचारते, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का? हिमोग्लोबिन किती होतं? उत्तर येतं, "दंडात सुई दिली व्हती एकदा." कधी, कसली, कुणाला ठाऊक! सिस्टरनं यावरून पुढचं ठरवायचं. अशा बाईचा क्रमांक आज निघाला नाही, तर उद्या नोंदी जोडणार कशाला?

केसपेपर
उदाहरण बिनतोड, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल कुणाकडे? नवऱ्याकडे, आणि तो उसात. ओटीपी तिकडे वाजणार. अंगठा घ्यावा तर कोयत्यानं घासलेल्या हातांचे ठसे मशीन धड ओळखत नाही. आणि हे सगळं जमलंच, तरी बीडच्या उपकेंद्रानं तो हिमोग्लोबिनचा आकडा ऑनलाइन चढवलेला असायला हवा ना?

तालुका_ओपीडी
खासगी डॉक्टर म्हणून बोलतो. सकाळच्या ओपीडीत साठ पेशंट. प्रत्येकी दोन मिनिटं टायपिंगला दिली की दोन तास वाढले, बाहेरचे लोक दार तोडतील. सरकारनं इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं २०१३ मध्ये आणली, २०१६ मध्ये सुधारली. आमच्या गल्लीत ती पाळणारा मला अजून भेटायचाय. हल्ली बोलणं ऐकून नोंद लिहिणारं एआय घेऊन एजंट येतात. पेशंट, त्याची बायको आणि दारातला मेव्हणा एकदम बोलतात. त्यातलं त्यानं काय वेचलं हे शेवटी मीच वाचायचं.

तरी सरसकट नाक मुरडू नका. टीबीच्या छातीच्या एक्स-रेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी फिल्म वाचणारं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही असं सांगितलं. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यात ते खरंच कामाचं आहे. संशय आला की थुंकी तपासतातच.

खिडकी_क्र_४
आणि मशीननं "नॉर्मल" म्हणून घरी पाठवलेल्याची थुंकी कोण तपासणार?

असो, माझा मुद्दा वेगळा. २३ नोव्हेंबर २०२२, दिल्लीचं एम्स. रॅन्समवेअरनं, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, पाच सर्व्हर गाठले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून लॅबपर्यंत कारभार हातानं. देशातल्या अव्वल संस्थेची ही गत, आणि आपण एचआयव्हीचे, मानसिक आजाराचे रिपोर्ट ऑनलाइन जोडायला निघालो.

रानवारा
गल्लत होतेय. एम्सवर हल्ला झाला तो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर. आभाच्या रचनेत सगळ्या नोंदी एका गोदामात जात नाहीत. ज्या दवाखान्यात झाल्या तिथेच राहतात आणि पेशंटनं संमती दिली तरच दुसरीकडे दिसतात.

खिडकी_क्र_४
म्हणजे राखणदारी नर्सिंग होमच्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरकडे. ज्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. आणि संमतीचं म्हणाल, तर रांगेत "इथे ओके दाबा" म्हणणारा ऑपरेटर काय वाचून दाखवतो ते एकदा उभं राहून ऐका. कोविडच्या लसीकरणात आधार दाखवलेल्या कितीतरी जणांचा हेल्थ आयडी (आभाचं तेव्हाचं नाव) त्यांना कळायच्या आत तयार झाला होता, विसरलात?

उपकेंद्रवाली
सगळे आमच्या नावानं भांडताय म्हणून लिहिते. एकच गरोदर बाई मी रजिस्टरमध्ये लिहिते, पोर्टलवर भरते, महिनाअखेरच्या रिपोर्टात पुन्हा मोजते. टीबी निघाला तर निक्षय या टीबीच्या पोर्टलवर वेगळी. वरून फोन येतो तो "आभा किती झाले" म्हणून; हिमोग्लोबिन किती बायकांचं कमी आहे हे कुणी विचारत नाही. रजिस्टर बंद केल्याचा जीआर दाखवा, उद्यापासून कार्डं काढते.

तालुका_ओपीडी
ताई, रजिस्टर नको. लाइट गेली की तेच कामाला येतं.

उपकेंद्रवाली
लाइटचं कारण आमच्याकडे जुनं झालं डॉक्टर, सोलर बसलंय. रेंजचं बोला.