साखर तोडली म्हणून मेंदूतली गाठ उपाशी राहते का?

रामबागची_मीरा

गेल्या रविवारची गोष्ट. सुदामा नगरला आत्याकडे गेले होते, जाताना पोहे-जिलबी नेली. इंदुरात रविवारी सकाळी कुणाकडे जायचे तर दुसरे काय नेणार? काकांच्या पुढ्यात उकडलेली दोन अंडी आणि पनीरचे तुकडे होते. त्यांच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताने जिलबी उचलली. ती ओठांपाशी गेली तोच दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, बोटांतून काढून घेतली. "बाबा, ही तुमच्या अंगी नाही लागायची, त्या गाठीला लागेल." काका काहीच बोलले नाहीत. पाक लागलेली बोटे पंचाला पुसत राहिले.

काका ६४ वर्षांचे. ऑपरेशननंतर बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला झपाट्याने वाढणारा कॅन्सर, निघाला, चौथी ग्रेड. शेक (रेडिएशन) आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांचा पहिला टप्पा नुकताच संपला. दादाने कुठेतरी वाचले की कॅन्सर साखरेवर जगतो, आणि त्या दिवसापासून घरात त्यांच्यासाठी पोळी, भात, वरण, फळे, दूध सगळे बंद. दोन महिन्यांत ६ किलो वजन उतरले आहे. हा आहार बंद व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. गाठ साखर जास्त ओढते हे मलाही डॉक्टरांनी सांगितले. पण म्हणून आजारी माणसाला घासागणिक दोषी ठरवायचे का? ज्यांनी घरात हे दुखणे पाहिले आहे त्यांनी लिहा.

मंदार_निपानिया

मीराताई, तुम्हाला तो मुलगा कठोर वाटला. मला त्याच्या जागी मीच दिसलो. माझ्या आईला हेच निदान आहे, नववा महिना चालू आहे, आणि तिचा कीटो आहार, म्हणजे पोळी-भात-साखर जवळपास बंद आणि भर चरबीवर, मीच सांभाळतो.

१९२० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी दाखवून दिले की कॅन्सरच्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टेट करतात, आणि त्यासाठी ग्लुकोज अधाशासारखे ओढतात. आईच्या स्पेक्ट्रोस्कोपीच्या, म्हणजे गाठीतली रसायने मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टातही लॅक्टेट वाढलेले स्पष्ट लिहिले आहे. पेट (पीईटी) स्कॅन तरी कशावर चालतो? किरणोत्सारी ग्लुकोज टोचायचे आणि ते कुठे जमते ते पाहायचे. आता औषधाचे पाहा. २००५ च्या ज्या मोठ्या चाचणीवर आजचे उपचार उभे आहेत, तिच्यात नुसत्या शेकाने रुग्णांचे मध्यक (मीडियन) आयुष्य १२.१ महिने आले आणि गोळ्या जोडल्यावर १४.६. या अडीच महिन्यांसाठी आपण सगळा त्रास सोसतो, मग आहाराने थोडी भर पडत असेल तर का नाही करायची? हातावर हात ठेवून बसणे मला जमत नाही.

जुने_मास्तर

मी तीस वर्षे जीवरसायन शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मंदार, वारबुर्ग यांनी जे पाहिले ते खरेच होते. त्यांनी लावलेला अर्थ मात्र पुढे टिकला नाही. पेशीची ऊर्जेची भट्टी, म्हणजे मायटोकाँड्रिया, बिघडते आणि त्यातूनच कॅन्सर होतो असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे १९३१ चे नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरचे, या म्हणण्यावरचे नव्हे.

एका ग्लुकोजचे लॅक्टेट केले तर पेशीच्या पदरात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू पडतात. तेच भट्टीत पूर्ण जाळले तर सुमारे ३० ते ३२. मग गाठ हा तोट्याचा व्यवहार का करते? कारण तिला ऊर्जेइतकाच मालही हवा असतो. ज्याला घर बांधायचे आहे तो सगळी लाकडे चुलीत घालत नाही, काही वाशांसाठी बाजूला काढतो. दुप्पट होत जाणाऱ्या पेशीला नवा डीएनए आणि नवी पटले (पेशीची आवरणे) बांधायची असतात, आणि त्यांना लागणारा कार्बन ती अर्धवट मोडलेल्या ग्लुकोजमधून काढते. उरलेले लॅक्टेट बाहेर टाकते. त्याने आजूबाजूची जागा आंबट होते, आणि हे आंबटपणही तिच्या पथ्यावर पडते, कारण तिथे आपल्या रोगप्रतिकारक पेशींचे बळ कमी पडते.

पण तिची भट्टी विझलेली नसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात ऑपरेशन चालू असतानाच रुग्णांच्या शिरेतून खूण केलेले ग्लुकोज दिले आणि काढलेल्या गाठीत त्याचा माग घेतला. ते कार्बन मायटोकाँड्रियातून फिरून आलेले सापडले. २०१४ मध्ये मेंदूतल्या गाठी ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचे रूप, तेही जाळतात हे तशाच पद्धतीने दिसले. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल तर त्या घेतातच. जी गाठ मिळेल त्यावर भागवते तिला एका पदार्थावाचून उपाशी कसे ठेवणार?

दुसरे असे की तोंडाची साखर बंद केली तरी रक्तातली शून्य होत नाही. यकृत स्नायूंच्या प्रथिनांमधून ग्लुकोज तयार करत राहते. काकांच्या त्या ६ किलोंत किती स्नायू गेला असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो. उरलेल्या ग्लुकोजवर पहिला हक्कही गाठच सांगते. चेतापेशी ज्या दाराने ग्लुकोज आत घेतात ते, कमी साखरेतही चालणारे ग्लूट-३ नावाचे दार या पेशींवर जास्त सापडते.

पेटबद्दल एक. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो जवळपास २० टक्के. त्या स्कॅनमध्ये निरोगी मेंदूही उजळतोच, गाठ वेगळी काढणे अवघड जाते. म्हणून मेंदूसाठी मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले वापरणारे स्कॅन अधिक उपयोगी ठरतात.

मंदार_निपानिया

सर, सगळे समजले तरी एक मुद्दा उरतोच. निरोगी मेंदू कीटोनवर, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर, चालू शकतो, गाठीला ते तितके जमत नाही, आशा त्या फरकावर आहे. हा आहार काही आजची टूम नाही, अपस्मारासाठी तो १९२१ पासून दिला जातो. आणि २०२० च्या जर्मन चाचणीत ज्यांची साखर खरोखर खाली आली ते रुग्ण जास्त जगले, हे मी वाचले आहे.

जुने_मास्तर

अपस्मारात तो नक्की उपयोगी आहे, तिथे वादच नाही. तुम्ही म्हणता त्या गटाची पहिली चाचणी २०१४ ची. गाठ परत आलेले २० रुग्ण, नुसता कीटो आहार. आहार पाळता येतो एवढे कळले, गाठीवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. २०२० मध्ये ५० रुग्ण, दुसऱ्यांदा शेक देताना काहींना कीटो आणि उपवास, काहींना नेहमीचे जेवण. दोन्ही गटांत गाठ वाढायला लागलेल्या वेळेत फरक पडला नाही. साखर उतरलेले लोक जास्त जगले ही विभागणी निकाल हाती आल्यावर केलेली आहे. ज्यांची सूज मोठी त्यांना स्टिरॉइड जास्त लागते, आणि स्टिरॉइडने साखर चढते. म्हणजे ते मुळातच जास्त आजारी असू शकतात. यावरून आहाराला श्रेय देता येत नाही.

लोकमान्यनगर_वहिनी

मी दोघांशीही सहमत नाही, आणि मीराताई, तुमच्याशीही पूर्ण नाही.

आमच्या यांना मेंदूच्या सुजेसाठी डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) चालू होते. मधुमेह आधी कधीच नव्हता, त्यामुळे घरी साखर मोजायची असते हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. प्रेमापोटी मी शिरा करत होते, नातेवाईक पेढे आणत होते. एका रात्री हे हाकेलाही डोळे उघडेनात. गाठ वाढली असेच आम्ही धरून चाललो. शेजारच्या काकूंनी त्यांचे ग्लुकोमीटर आणले, त्यावर ४१२ आकडा आला! इन्सुलिन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी मला नावाने हाक मारली. नंतर गाठीनेच गेले, पण ते दोन दिवस मी अजून विसरू शकत नाही.

ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत ज्यांची साखर सतत चढलेली असते ते कमी जगतात, असे अनेक पाहण्यांत आले आहे. कारण काहीही असो, साखर मोजायची आणि ताब्यात ठेवायची. जिलबी तोडणे आणि पोळी तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दादाने दोन्ही तोडल्या. तुम्ही दोन्ही परत द्यायला निघालात.

ग्वाल्हेरचा_अभय

आयडीएच नावाच्या तपासणीचा याच्याशी संबंध आहे ना? माझ्या बहिणीच्या रिपोर्टात आहे.

जुने_मास्तर

आहे, आणि जवळचा आहे. काही गाठींत आयडीएच हे ऊर्जेच्या चक्राशी बांधलेले एन्झाइमच बदललेले असते, हे २००८ मध्ये सापडले. बदललेले एन्झाइम एक वेगळेच आम्ल तयार करते आणि पेशीला प्रौढ होऊ देत नाही. ते एन्झाइम रोखणाऱ्या व्होरासिडेनिबला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण दुसऱ्या ग्रेडच्या गाठींसाठी. बहिणीच्या डॉक्टरांना जरूर विचारा. मीराताईंच्या काकांना ते औषध लागू नाही. २०२१ च्या वर्गीकरणानुसार हा बदल नसलेल्या गाठीलाच मोठ्यांमध्ये ग्लायोब्लास्टोमा म्हणतात.

रामबागची_मीरा

वहिनी, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. काकांना डेक्सा चालू आहे आणि साखर कुणीच मोजलेली नव्हती! दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १६८ आली, तीही कीटोवर असताना. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवले. पोळी, वरण, दही, भाजी परत सुरू, रोज दोनदा साखर मोजायची, दर रविवारी वजन. जिलबी नाही. म्हणजे माझाही हट्ट चुकीचाच होता.

मंदार_निपानिया

आईचा आहार मी लगेच बदलणार नाही, तिला तो सोसतो आहे आणि तिची स्वतःची इच्छा आहे. पण वजन गेल्या महिन्यात घेतलेच नव्हते. आज घेतो. सर, तिचे स्नायू उतरत असतील तर ते घरच्या घरी कशावरून कळेल?

जुने_मास्तर

आधाराशिवाय खुर्चीतून उठता येते का ते पाहा, हाताची पकड पाहा, आणि वजन दोन आठवड्यांत दोन किलोने उतरले तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

रामबागची_मीरा

काल रात्री आत्याकडेच जेवले. काकांनी डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला, जमेना. दादाने पोळी कुस्करून वरणात घातली आणि वाटी त्यांच्या डाव्या बाजूला सरकवली.