डिझाइन रिसर्च आणि कापडाचे ठाण

शहराच्या मध्यभागातली डिझाइनची आणि कापडाची जुनी दुकानं ऑनलाइन खरेदीने संपवली, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं 'डिझाइन रिसर्च' घ्या. वास्तुविशारद बेंजामिन थॉम्पसन यांनी १९५३ मध्ये सुरू केलेलं हे दुकान इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकातच बंद पडलं. त्याआधीच ते थॉम्पसन यांच्या हातून गेलं होतं. मला वाटतं, खरा घाव तोच.

फिनलंडच्या मारिमेक्को या कंपनीचं कापड अमेरिकेत पोचवलं ते याच दुकानाने. १९६० मध्ये जॅकलीन केनेडींनी (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पत्नी) घेतलेले मारिमेक्कोचे कपडे डिझाइन रिसर्चकडचेच. १९६९ मध्ये केंब्रिजच्या ब्रॅटल स्ट्रीटवर उभी राहिलेली दुकानाची इमारत जवळजवळ सगळी काचेची. आत टांगलेली मोठमोठ्या फुलांची, पट्ट्यांची कापडं थेट रस्त्यावरून दिसायची. काही विकत न घेणाऱ्यालाही रंग बघायला मिळायचे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं!

कापडाचं तर विशेषच. एवढी मोठी नक्षी मोबाइल-संगणकाच्या पडद्यावर कळतच नाही. ठाण उलगडून दोन-तीन मीटर कापड समोर पसरलं की मगच ती पुन्हा कुठे सुरू होते ते दिसतं. कापडाचा झोळ, विणीचा घट्टपणा, उजेडात बदलणारा रंग, हे सगळं हाताने आणि डोळ्यांनीच समजायचं. शिवाय कापडाच्या दुकानांत उरलेल्या तुकड्यांची टोपली असायची, नवशिक्यांना शिवणाची हिंमत तिथेच यायची.

ब्रॅटल स्ट्रीटची ती इमारत आजही उभी आहे.