मदत हवी आहे: गाड्यांच्या मायलेजच्या नियमांवर खासदारांना निवेदन द्यायचंय

मंडळी, अंबाजोगाईहून लिहितोय. नव्या कारसाठी इंधन वापराचे 'कॅफे' नियम आहेत. पहिला टप्पा २०१७ ला आला, दुसरा २०२२ ला. कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी धरतात: ती सध्या किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत हवी. पेट्रोलच्या हिशेबात लिटरला २१ किलोमीटर झाले की! (आमची गाडी मांजरसुंब्याचा घाट चढताना १४ च्या वर सरकत नाही, ते सोडा.) तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून लागू करायचं ठरतंय आणि तो कडकच हवा, असं निवेदन आम्ही चार-पाच जण देणार आहोत.

अडलंय इथं: एकानं विचारलं, "नियम कडक केले तर छोटी गाडी महाग होणार, मग आपल्यासारख्यानं घ्यायची कशी?" प्रश्न रास्त आहे, मला नीट उत्तर देता आलं नाही. कुणी आकडेमोड करून सांगेल का, वाचलेल्या पेट्रोलमधून वाढीव किंमत किती वर्षांत वसूल होते?

शिवाय हे नियम दुचाकींना लागू नाहीत, आणि आपल्याकडं तर घरोघरी दुचाकीच. ती मागणी यातच घालावी की वेगळी? निवेदनाची प्रत ऊर्जा मंत्रालयाला पाठवायची की ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोला? कुणाकडं जुना नमुना असेल तर टाका राव.