रुरौनी केनशिनचं वय नक्की किती? २८ की ३०? आणि आधीची स्टोरी काय?

अळूचं_फदफदं:
मंडळी, २०२३ चा नवा केनशिन (जपानी अॅनिमे सिरीज) बघितला, पहिला सीझन संपला. धाकट्या भावाशी वाद चाललाय, तो म्हणतो केनशिन २८ चा, मी कुठेतरी ३० वाचलंय, आणि चेहरा बघाल तर कॉलेजला जाणारा पोरगा वाटतो. बरं, दहा वर्षं भटकतोय म्हणतात, त्याच्याआधी क्योतोमधला सगळ्यात खतरनाक मारेकरी होता म्हणतात, मग ते सगळं केलं तेव्हा हा होता तरी केवढा? दहावीतला? मला हा हिशोब काही जमेना. दुसरं म्हणजे हा कुठल्या सामुराई घराण्यातला, आईबाप कोण, गालावरची ती फुली कशी आली, कोणी नीट सांगेल का? स्पॉयलर चालतील, मला फरक पडत नाही.

खिडकीतला_बोका:
दोघंही बरोबर आहात, भांडू नका.

जन्मतारीख दिलेली आहे, २० जून १८४९. गोष्ट सुरू होते मेइजी ११ म्हणजे १८७८ मध्ये. वाढदिवस जूनचा, त्यामुळे नायिका काओरुच्या दोजोत (तलवारबाजीच्या शाळेत) येतो तेव्हा २८ पूर्ण. पुढे क्योतोचा भाग सुरू होतो तो ओकुबो तोशिमिचीच्या खुनापासून, हा खराखुरा मंत्री, १४ मे १८७८ ला तोक्योत त्याची घोडागाडी अडवून मारला (खऱ्या इतिहासात मारणारे नाराज सामुराई होते, मंगामध्ये म्हणजे मूळ जपानी कॉमिकमध्ये ते काम खलनायक शिशिओच्या माणसाचं दाखवलंय), म्हणजे तोपर्यंतही साहेब २८ चेच.

आता ३० कुठून आलं. जपानमध्ये तेव्हा वय मोजायची जुनी पद्धत अशी की बाळ जन्मलं की ते लगेच एक वर्षाचं, आणि पुढे वाढदिवसाला काही नाही, नवीन वर्ष लागलं की अख्ख्या गावाचं वय एकदम एकाने वाढणार. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेलं पोर पुढच्या आठवड्यात दोन वर्षांचं! आपल्याकडे आज्या "एकोणतिसावं चालूय" म्हणतात त्याच्याही वर एक. त्या हिशोबाने १८७८ मध्ये केनशिन ३० भरतो.

गंमत म्हणजे वात्सुकीच्या म्हणजे मंगाकाराच्या डोक्यात आधी तिशी ओलांडलेलाच हिरो होता. पण साप्ताहिक शोनेन जंप, वाचक शाळकरी पोरं, एडिटर म्हणाला एवढा मोठा हिरो विचित्र दिसेल, म्हणून मग २८. तिशीच्या अलीकडे ठेवला बस. तरुण दिसण्याचं म्हणाल तर त्याचा गुरू हिको सेइजुरो ४३ चा आहे, त्याला बघून कोणी ४३ म्हणेल का? तेव्हा चेहऱ्यावर जाऊ नका.

अळूचं_फदफदं:
@बोका भारी. पण मग मारेकरी असताना?

खिडकीतला_बोका:
करा वजाबाकी. शोगुनच्या सत्तेविरुद्धची तोबा-फुशिमीची लढाई जानेवारी १८६८, त्यानंतर हा तलवार टाकून गायब. म्हणजे १८ पूर्ण, एकोणिसावं चालू. हितोकिरीचं म्हणजे मारेकऱ्याचं काम सुरू झालं ते चौदाव्या वर्षी. सगळा रक्तपात १४ ते १८ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं नुसतं चालणं.

तर्रीपोहा_नागपूर:
भाऊ पहिले एक गोष्ट क्लिअर करून घ्या, केनशिन सामुराई घराण्यातला नाहीच हाय. शेतकऱ्याचं पोरगं. खरं नाव शिंता. मायबाप कॉलऱ्याने गेले, पोरगं माणसं विकणाऱ्यांच्या हाती लागलं, रस्त्यात डाकूंनी त्या टोळीवर हल्ला केला आणि सगळे कापले. सोबत तीन पोरी होत्या, त्याही विकलेल्याच, त्यांनी या लेकराला पाठीशी घातलं आणि त्या मेल्या. तेवढ्यात हिको येतो, डाकूंना उडवतो आणि निघून जातो. नंतर परत येऊन बघतो तर या पोरानं सगळ्यांच्या कबरी खोदलेल्या, पोरींच्याच नाही तर विकणाऱ्यांच्या आणि डाकूंच्या पण. म्हणे मेल्यावर सगळी प्रेतंच. तिथं हिको त्याला सोबत घेतो, शिंता नाव तलवारबाजाला फार मऊ वाटते म्हणून केनशिन ठेवतो.

माझ्या मते अख्खी सिरीज त्या एका सीनमध्ये हाय. लोकं साकाबातो साकाबातो (त्याची उलट्या धारेची तलवार) करत बसतात, पण ज्या लेकरानं डाकूची पण कबर खोदली ते काही वर्षांनी ऑर्डरवर माणसं मारते, हे जास्त भयानक हाय ना राजेहो.

चौदाव्या वर्षी गुरूशी भांडण, कारण गुरू म्हणे आपली विद्या कोणत्याच पार्टीची नाही, आणि हा म्हणे बाहेर लोकं मरून राहिले आणि आपण डोंगरावर बसून काय करून राहिलो. गेला निघून. शोगुनविरुद्ध लढणाऱ्या चोशू संस्थानाच्या किहेइताई पथकात भरती झाला. हे पथक खरं होतं बरं, १८६३ मध्ये ताकासुगी शिन्साकुनं उभं केलं आणि त्यात शेतकरी-बितकरी पण घेत, म्हणून शिंतासारख्याची एन्ट्री तिथं अगदी फिट बसते. तिथं कात्सुरा कोगोरोनं (हा पण खरा माणूस, चोशूचा पुढारी) हेरला आणि क्योतोला नेऊन मारेकरी बनवला.

मिरजेची_सतार:
फुलीबद्दल मी लिहिते, हा माझा आवडता भाग आहे. पुढे मोठ्ठा स्पॉयलर.

फुलीच्या दोन रेषा दोन वेगवेगळ्या माणसांच्या आहेत. पहिली कियोसातो नावाच्या तरुणाची, १८६४ च्या वसंतात केनशिनने त्याला मारलं, तो काही फार मोठा तलवारबाज नव्हता पण लग्न ठरलेलं होतं, मरायचं नव्हतं त्याला, तर त्या धडपडीत त्याची तलवार केनशिनच्या गालाला लागली. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं ती तोमोए. ती सूड घ्यायला क्योतोला येते, केनशिनजवळ पोचते, मग जुलैमध्ये इकेदाया नावाच्या सराईत शोगुनविरोधकांवर छापा पडतो, शहर पेटतं, कात्सुरा या दोघांना लपायला क्योतोजवळच्या ओत्सूच्या बाजूला पाठवतो आणि तिथे ही दोघं नवराबायको म्हणून राहतात. तो औषधं विकतो, मुळा लावतो. तो पंधराचा, ती अठराची. आणि ज्याच्यावर सूड घ्यायला आली त्याच्यावरच जीव जडतो, पण तोवर तिला पाठवणारे पुढे सरसावलेले असतात. शेवटच्या मारामारीत ती मध्ये येते आणि केनशिनच्याच वाराने मरते. दुसरी रेष तिच्या खंजिराची. मंगामध्ये तो हातातून सुटून लागल्यासारखा आहे, पण १९९९ च्या चार भागांच्या ओव्हीएमध्ये (टीव्हीवर न येता थेट व्हिडिओवर आलेली अॅनिमे) ती मरताना स्वतः ती रेष ओढते. मला ओव्हीए जास्त पटतं, मंगावाल्यांनी हवं तर भांडावं.

त्यानंतर त्याने लपूनछपून खून करणं सोडलं, समोरासमोर लढायचा फक्त, आणि मारेकऱ्याची रिकामी जागा भरली शिशिओने. म्हणून दुसऱ्या सीझनला शिशिओ दिसला की हे आठवा.

वात्सुकीने म्हणे चित्र काढताना चेहऱ्यावर अजून काहीतरी हवं, काय ते सुचेना म्हणून फुली काढली. एवढ्यावरून ही कथा!

लॉजिकवाला_आत्या:
सगळं ठीक, पण पंधरा वर्षांचं पोरगं, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ४८ किलो, आणि याला बघून मोठमोठे तलवारबाज पळतात? कार्टून म्हणून सोडून द्यायचं की काय.

खिडकीतला_बोका:
@आत्या उडी मारून एका वारात पाच माणसं वगैरे कार्टूनच आहे, ते सोडा. वय मात्र त्या काळाला धरूनच आहे. १८६८ ला शोगुनच्या बाजूच्या आइझू संस्थानाकडून लढलेली ब्याक्कोताई ही तुकडी बघा, सोळा-सतरा वर्षांची पोरं, आणि ते पण जुन्या मोजणीने, म्हणजे आपल्या हिशोबाने त्याहून लहान. इइमोरी टेकडीवर त्यांच्यातल्या वीस जणांनी किल्ला पडला असं समजून स्वतःला संपवायला घेतलं, एकच वाचला. शोगुनच्या बाजूचा तलवारबाज साइतो हाजिमे १८४४ चा, इकेदायाच्या वर्षी तोही विशीतलाच.

आणि केनशिन ज्याच्यावरून घेतलाय तो कावाकामी गेन्साई पण बुटका, नाजूक, लांबून बाई वाटावा असाच सांगतात. १८३४ चा जन्म, म्हणजे केनशिनपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. १८६४ मध्ये साकुमा शोझानसारख्या विद्वानाला क्योतोत भरदिवसा मारलं याने. फरक असा की हा माणूस बदलला नाही, परदेशी लोकांना हाकला ही जुनी टेप चालूच ठेवली, आणि ज्या बाजूसाठी मारलं त्याच सरकारने १८७२ च्या जानेवारीत त्याचं डोकं उडवलं. दहा वर्षं भटकणं-बिटकणं त्याच्या नशिबी नव्हतं.

अळूचं_फदफदं:
अरे बापरे. मग जुन्या टीव्ही सिरीजमध्ये हे सगळं आहे का? ९५ भाग दिसतायत, बघायला घेऊ?

मिरजेची_सतार:
नको!! म्हणजे घे, पण यासाठी नको. १९९६ ची सिरीज क्योतोच्या भागानंतर मंगा सोडून भलतीकडेच गेली, तोमोएची कथा त्यात आलीच नाही. मूळ मंगा २८ खंडांचा, त्यात हे बरंच उशिरा येतं. नुसती आधीची कथा हवी असेल तर ओव्हीए, किंवा २०२१ चा 'द बिगिनिंग' सिनेमा नेटफ्लिक्सवर आला होता, त्यात अॅनिमेशन नाही, खरी माणसं. सिनेमा पण चांगलाय पण ओव्हीए आधी बघ, रात्री बघ, जेवून घे आधी.

लॉजिकवाला_आत्या:
बरं वयाचं मान्य. पण १८७८ मध्ये तलवार घेऊन फिरायला बंदी नव्हती का?

तर्रीपोहा_नागपूर:
होती ना, १८७६ पासून. सैन्य आणि पोलीस सोडून कोणी तलवार लटकवायची नाही. म्हणून तर सुरुवातीलाच पोलीस याच्या मागं लागतात. आता मजा बघा, ज्यानं हे सरकार आणायला चार वर्षं रक्त सांडलं तो उलट्या धारेची तलवार घेऊन पण गुन्हेगार, आणि हरलेल्या बाजूचा साइतो पोलिसात नोकरीला, खऱ्या इतिहासात पण फुजिता गोरो नावानं, म्हणजे त्याची तलवार एकदम लीगल.